थांबा कुणीही म्हणावं

आमचे हे क्रेन चालवायचे. रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या ओढून नेते ती क्रेन नव्हे. उंच इमारत बांधताना तिच्या शेजारी उभी असते ना, इमारतीहूनही उंच, ती टॉवर क्रेन. लोक मान वर करून बघतात आणि पुढे जातात. त्या खांबाच्या डोक्याशी एक काचेची खोली असते आणि तिच्यात एक जिताजागता माणूस बसलेला असतो, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तो माणूस माझा. सकाळी शिडीनं वर चढायचा, दुपारचा डबा वरच खायचा आणि संध्याकाळी खाली उतरून घरी येऊन माझं डोकं खायचा.

डोकं खायचा म्हणजे काय, ते सांगते. बाकीच्या बायकांचे नवरे कामावरून दमून येतात, साहेबाला शिव्या घालत येतात. आमचे हे विचार करायची पद्धत घेऊन यायचे. वर त्या काचेच्या खोलीत जे काही शिकले असतील ते घरातल्या प्रत्येक गोष्टीला लावून बघायचं, ही यांची जित्याची खोड. मग घर बदलायचं असो, मुलीचं लग्न असो, नाहीतर माझं आणि माझ्या मावशीचं भांडण मिटवायचं असो. आमची लेक याला 'बाबांचे साचे' म्हणते. "आई, समोर काहीही आलं की बाबा आधी ते कुठल्या साच्यात बसतं ते बघतात," असं ती म्हणायची आणि आम्ही मायलेकी पोट धरून हसायचो.

"हसा, हसा," हे म्हणायचे. "पण वर बसलेल्या माणसाला दर वेळी नव्यानं विचार करत बसायला सवड नसते. चार गोष्टी डोक्यात पक्क्या असल्या की ऐन वेळी हात कापत नाहीत."

आता एखादी वस्तू उचलायची म्हटली की यांचा पहिला प्रश्न, "ही पडली तर कशी पडेल?" शुभ बोल रे नाऱ्या! पण छे. एका वर्षी लेकीच्या सुट्टीत समुद्रावर जायचं ठरलं. आम्ही दोघी बॅगा भरतोय आणि हे पलंगावर मांडी घालून बसलेले. "समजा, आपल्याला ही सहल मुद्दाम बिघडवायची आहे," म्हणाले. "तर काय काय करता येईल?"

मी म्हटलं, "तुम्हाला बरोबर न्यायचं. बस, तेवढं पुरे."

लेक खदाखदा हसली, पण हे ढिम्म. कोण आजारी पडेल, काय हरवेल, कुठली गाडी चुकेल, सगळं बोलून झालं. बोलता बोलता औषधं बॅगेत गेली, तिकिटं दोन ठिकाणी विभागली गेली आणि घराची दुसरी किल्ली शेजारणीकडे पोचली. मी मनात म्हटलं, या माणसाच्या अभद्र बोलण्यानंच काहीतरी होणार. आणि झालंच. तिथे एक लाट आली आणि वाळूवर ठेवलेली माझी पर्स घेऊन गेली. पर्समध्ये किल्ली. परत आल्यावर यांनी शेजारणीकडची किल्ली आणली, दार उघडलं आणि एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं! ते न बोलणंच मला चार दिवस झोंबत राहिलं.

जावयाची गोष्ट तर आमच्या नात्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. लेकीनं मुलगा पसंत केला. मी आपली आईच्या जातीला शोभेल अशी चौकशी करत होते, घरी कोण असतं, काम काय, स्वभाव कसा. हे म्हणाले, "मला फक्त त्याच्याबरोबर एक कपाट उचलायचंय."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमचं जुनं लोखंडी कपाट खालच्या मजल्यावरच्या आजींना द्यायचं होतंच. मुलगा आला, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात केकचा खोका. यांनी केक बाजूला ठेवला आणि त्याला सरळ कपाटाच्या एका टोकाला उभं केलं. मला वाटलं, आता हा पळतोय. लेकीचा चेहरा तर बघवत नव्हता. मुलानं बाह्या वर केल्या, कपाटाला हात लावला आणि तसाच थांबला.

"खाली नेमकं कुठे ठेवायचंय?" त्यानं विचारलं. "आणि जिन्याच्या वळणावर आधी कुणाची बाजू वळणार?"

संपलं! यांचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. कपाट अजून खोलीतच होतं आणि हे मला म्हणतात, "हो म्हणून टाक." उचलण्याआधी ठेवायची जागा विचारणारा माणूस यांच्या लेखी बावनकशी. "लोक उचलतात आधी आणि मग इकडेतिकडे बघतात," हे म्हणायचे. "नोकरी काय, भांडण काय, सगळं तसंच करतात." लेक अजून नवऱ्याला चिडवते की तुझं लग्न माझ्याशी नाही, कपाटाशी लागलंय. पण खोटं कशाला बोलू, जावई निघाला लाखात एक.

यांचा सगळ्यात लाडका नियम मात्र वीतभराचा. भार हुकाला अडकवला की एकदम वर न्यायचा नाही. जमिनीपासून वीतभर उचलायचा आणि थांबायचं. दोर कुरकुरतोय का, भार एका अंगाला कलतोय का, ब्रेक धरतोय का, ते बघायचं. सगळं ठीक असेल तर पुढे. नसेल तर वीतभरच खाली यायचंय, कुणाचं काही बिघडत नाही. आम्ही आत्ताचं हे घर घेण्याआधी एक दुसरं घर मला फार आवडलं होतं. मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. हे घरमालकाला म्हणाले, "दोन दिवस राहून बघू का?" तो असा बघायला लागला जणू यांनी त्याची किडनी मागितली. पण राहिलो, एक गादी आणि एक किटली घेऊन. पहाटे खालच्या शेडमध्ये पत्रे कापायचं मशीन सुरू झालं आणि मी गादीवर ताडकन उठून बसले. गाशा गुंडाळला आणि परत आलो.

"तुमच्याशी लग्न करताना मी वीतभर उचलून बघायला हवं होतं," परत येताना मी म्हटलं.

"आता काही उपयोग नाही," हे म्हणाले. "आता भार पार वर गेलाय."

असा हा माणूस. साइटवर सगळे यांना 'वरचे दादा' म्हणायचे. आणि यांना खालून वॉकी-टॉकीवर 'डावीकडे, अजून थोडं, सावकाश' असं सांगणारा शिट्टीभाऊ. वॉकी-टॉकी नव्हते त्या काळात तो शिट्टी वाजवून इशारे द्यायचा, म्हणून ते नाव चिकटलं. वर, खाली, डावी, उजवी हे फक्त शिट्टीभाऊनं सांगायचं. दुसरा कुणी ओरडला, अगदी मोठा साहेब ओरडला, तरी हे ऐकायचे नाहीत. एका भाराला दहा जणांनी दिशा द्यायला लागलं तर तो भार कुणाच्या तरी डोक्यात पडणारच. पण 'थांबा' हा एक शब्द तेवढा कुणीही म्हणावा. साहेबानं म्हणावा, पहारेकऱ्यानं म्हणावा, पाणी द्यायला आलेल्यानं म्हणावा. दोन्ही हात वर केलेला माणूस दिसला की क्रेन थांबलीच पाहिजे. का, कशासाठी, ते नंतर विचारायचं.

एकदा झाडलोट करणाऱ्या एका बाईनं हात वर केले. तिला वाटलं, भाराचा पट्टा उसवलाय. क्रेन थांबली, सगळी साइट थांबली. बघितलं तर पट्ट्याला प्लास्टिकची चिंधी अडकली होती, बाकी काही नाही. मुकादमानं त्या बाईला सगळ्यांसमोर असं काही फैलावर घेतलं की बिचारी रडायला लागली. हे वरून बघत होते. भार खाली ठेवला, ती एवढी शिडी उतरून खाली आले आणि मुकादमासमोर उभे राहिले.

"आज हिला ओरडलात," हे म्हणाले, "तर उद्या पट्टा खरंच उसवेल तेव्हा ही मान खाली घालून झाडत राहील. थांबा म्हणणाऱ्याला रागवायचं नाही. त्याचं चुकलं असलं तरी नाही."

मला हे शिट्टीभाऊनं सांगितलं, यांनी नाही. मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला. तसं तोंडावर सांगितलं नाही म्हणा, नाहीतर आयुष्यभर डोक्यावर मिरे वाटले असते.

अर्थात हा नियम घरातही लागू झाला. भांडण कितीही चढलेलं असो, कुणी 'थांबा' म्हटलं की दुसऱ्यानं तोंड मिटायचं. लेक लहान होती तेव्हा तिनं याचा इतका फायदा उठवला की विचारू नका. अभ्यासाचं नाव काढलं की हात वर. पण आमच्या घरात कुणी कुणाला तोडून बोललं नाही, त्याचं श्रेय मी या नियमालाच देते.

तर आता मूळ गोष्ट. लेकीनं नवं घर मांडलं, तिथे आम्ही जेवायला गेलो. टेबलावर पाण्याचा जग होता. यांनी जग उचलला, पेल्यात पाणी ओतायला गेले आणि धार पेल्याच्या अलीकडे टेबलावर पडली. थेंबभर नाही, चांगली धार. जावई हसला, लेक हसली, हेही हसले. "जग ओला होता, निसटला," म्हणाले. थोड्या वेळानं लेकीनं चमचा पुढे केला तर यांचा हात चमच्याच्या शेजारून गेला. लेक बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

ज्या माणसाचं सगळं आयुष्य लांब अंतरावरून वस्तू नेमकी जागेवर ठेवण्यात गेलं, त्याला समोरचा पेला सापडू नये?

घरी आल्यावर मी यांच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. आणि काय, सगळं व्यवस्थित! गप्पा मारता मारता किटलीतून चहा ओतताहेत, एक थेंब इकडचा तिकडे नाही. चष्मा बरोबर उचलताहेत, दाराची कडी बरोबर सापडतेय. मलाच वेड्यासारखं वाटायला लागलं. म्हटलं, बाई गं, तुला उगाच नसत्या शंका. पण भांडी घासताना एकदम लक्षात आलं. आमच्या घरात कपाची जागा ठरलेली आहे, किटलीची ठरलेली आहे, चष्म्याची ठरलेली आहे. हे सगळं हाताला पाठ आहे. डोळ्यांचं इथे कामच काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांचा कप नेहमीच्या जागेपासून थोडा सरकवून ठेवला. हे आले, किटली उचलली आणि चहा मेणकापडावर ओतला.

"कप कुणी हलवला?" यांनी विचारलं.

"मी हलवला," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून फडकं आणलं आणि स्वतःच पुसायला लागले. या माणसानं लग्नानंतर कधी मेणकापड पुसलेलं नव्हतं. काय ते समजून चुकले होते, आणि मीही समजले होते. पण दोघंही गप्प. पुढचे काही दिवस आमच्या घरात असंच चाललं. मी कप सरकवायचे नाही आणि हे विषय काढायचे नाहीत. निवृत्तीला थोडाच अवकाश होता. मी स्वतःला सांगत होते, जातील हेही दिवस निघून. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं मी, दुसरं काय.

मग काचांचा दिवस आला. त्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्याला भिंतीएवढ्या उंच काचा बसणार होत्या. लाकडी चौकटीत बांधलेली एकेक काच क्रेननं वर न्यायची आणि वर अगदी कडेला उभे असलेले काचवाले हात पुढे करून ती झेलणार. महिनाभर हे त्याचंच बोलत होते. मोठं काम, म्हणून वरच्या दादांनीच करायचं असं साइटवर ठरलेलं. त्या दिवशी सकाळी हे बूट घालत बसले होते आणि मला राहवेना.

"अहो, तुमच्या डोळ्याला काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही. वय झालं."

"वय झालं तर वर कशाला जाता?"

"हे बघ," हे शांतपणे म्हणाले, "मी रोज सकाळी तपासून बघतो. क्रेननं एक रिकामी बादली उचलतो आणि कोपऱ्यातल्या फळीवर ठेवतो. रोज बरोबर बसते. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी मी आपणहून खाली उतरेन."

माझं डोकंच फिरलं. "अहो, पण ती फळी साइट सुरू झाल्यापासून तिथेच आहे ना! ती बादली तुम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवाल. रोज चहा ओतता तसा! माहीत असलेल्याच जागेवर रोज परीक्षा घ्यायची आणि पास झालो म्हणायचं, ही कसली तपासणी? काचा काय त्या फळीवर ठेवायच्यात का?"

हे बुटाची नाडी धरून बसून राहिले.

"एवढ्या काचा होऊ देत," अखेर म्हणाले. "मग दाखवतो डॉक्टरांना."

"आधी दाखवा."

"आधी दाखवलं तर वर पाठवणार नाहीत."

बोलून गेले आणि स्वतःच चपापले. म्हणजे यांना माहीत होतं. कधीपासून, देव जाणे, पण माहीत होतं.

मी म्हटलं, "थांबा."

आमच्या घरातला तो शब्द. तो ऐकल्यावर यांनी आजवर एकदाही तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र हे उठले, लालबुंद झाले आणि ओरडले, "स्वयंपाकघरात बसून क्रेन चालवू नकोस तू!"

दार आपटून निघून गेले. डबा ओट्यावर तसाच राहिला.

मी सांगते, मला इतका राग आला होता की तो डबा उचलून भिंतीवर मारावासा वाटला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! त्या झाडणाऱ्या बाईसाठी मुकादमाशी भांडणारा माणूस तो हाच का? मी फोन हातात घेतला, साइटच्या ऑफिसला लावायला, आणि परत ठेवला. आपलेच दात, आपलेच ओठ. नवऱ्याची चुगली करायची? या माणसाकडे त्या खोलीशिवाय दुसरं होतं काय? खाली उतरवलं की हा मुळापासून उखडेल, हे मला कळत होतं. मला त्यांची कीव येत होती आणि माझीही.

मग मी तेच केलं जे हे नेहमी करायचे. ओट्याला टेकून उभी राहिले आणि स्वतःला विचारलं, हे पडलं तर कसं पडेल? मी बोलले तर माझा संसार हलेल. हे महिनोन् महिने माझ्याशी बोलणार नाहीत. कदाचित कधीच पहिल्यासारखे बोलणार नाहीत. आणि मी गप्प बसले तर? मला ते काचवाले दिसायला लागले. मी त्यांना कधी बघितलंही नव्हतं, पण कडेला उभे राहून त्यांनी पुढे केलेले हात मला दिसत होते. त्यांच्याही घरी कुणीतरी ओट्याशी उभं असेलच ना. आणि तिला काहीच माहीत नसणार, मला मात्र सगळं माहीत होतं.

मी डबा उचलला आणि घरातल्या चपलांनीच निघाले.

गेटवरचा पहारेकरी ओळखीचा. "दादांचा डबा राहिला वाटतं, वहिनी," तो म्हणाला. मी हो म्हटलं, ते खोटंही नव्हतं. त्यानं पाहुण्यांसाठी ठेवलेलं पांढरं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं आणि पिवळ्या दोरीच्या अलीकडे उभं राहायला सांगितलं. पलीकडे शिट्टीभाऊ वॉकी-टॉकी घेऊन उभा होता. पहिली काच हुकाला लावून झाली होती. मी वर बघितलं. इमारतीच्या कडेला चार ठिपके हलत होते. क्रेनच्या खोलीची काच उन्हात चकाकत होती, आत काही दिसत नव्हतं.

दोर ताणला गेला. काच जमिनीपासून वीतभर उठली आणि थांबली. मला माहीत होतं, आत्ताच. एकदा भार वर गेला की मग त्याला थांबवूनही तो माणसांच्या डोक्यावर लटकणार.

मी डबा पायाशी ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. मग शिट्टीभाऊनं मागे वळून बघितलं. मला ओळखून त्यानं आ वासला. पण त्यानं मला का म्हणून विचारलं नाही. वॉकी-टॉकी तोंडाशी धरला आणि म्हणाला, "थांबा."

खरखर झाली. वरून यांचा आवाज आला, "कोण?"

शिट्टीभाऊनं माझ्याकडे बघितलं. माझे हात अजून वरच होते. "एक बाई आहे," तो म्हणाला. "दोरीपाशी. दोन्ही हात वर करून उभी आहे."

कोण बाई, ते त्यानं सांगितलं नाही. भल्या माणसानं तेवढी लाज राखली. मुकादम तणतणत आला, तसा शिट्टीभाऊनं त्याच्यासमोर हात आडवा धरला. मग परत खरखर झाली.

"भार खाली घेतो," हे म्हणाले. "तू सांग."

वीतभरच खाली यायचं होतं. शिट्टीभाऊ लहान मुलाला सांगावं तसं सांगत होता, सावकाश, अजून, अजून, बस. काच टेकली. हूक सुटला. आणि खोलीचं दार उघडून हे शिडीवरून उतरायला लागले.

ते खाली येईपर्यंत मी तोंडात उत्तरं तयार ठेवली. हे एक बोलले तर मी चार सुनावणार होते, मग कुणी का ऐकेना. पण हे आले आणि माझ्यासमोर नुसतेच उभे राहिले. हातमोजे काढले, परत घातले, परत काढले.

"शिट्टी म्हणाला, बाई उभी आहे," हे हळू आवाजात म्हणाले. "म्हणून मी बघितलं. दोरीपाशी पांढरं काहीतरी हलत होतं. मला वाटलं, सिमेंटची रिकामी गोणी वाऱ्यानं उडतेय."

मी डोक्यावरचं पांढरं हेल्मेट काढलं.

"तू आहेस हे सोड," ते म्हणाले. "माणूस आहे, हेसुद्धा मला कळलं नाही गं."

माझी सगळी तयार उत्तरं कुठल्या कुठे गेली. मला रडूच कोसळलं, सगळ्यांदेखत. हे मुकादमाकडे वळले आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाले, "आजपासून मला वर पाठवू नका. माझा एक डोळा गेलाय, अंतराचा अंदाज येत नाही. काचा दुसऱ्या ऑपरेटरला नेऊ द्या." मुकादमानं मान हलवली आणि टोपी काढून हातात धरली. शिट्टीभाऊ पाठ फिरवून वॉकी-टॉकीच्या बटणांशी चाळा करत होता.

आम्ही गेटकडे निघालो. हा माणूस रस्त्यात कधी माझा हात धरायचा नाही, आज यांचा हात मीच धरला. गेटपाशी फळ्या टाकलेल्या होत्या आणि त्यांच्यापुढे एक उंच पायरी.

"पुढे पायरी आहे," मी म्हटलं.

हे थांबले. "किती पुढे?" त्यांनी विचारलं.